तेराव्याचा जोडा

वडिलांना जाऊन बारा दिवस झाले होते, तेव्हा मी त्यांच्यासाठी नवा जोडा विकत घेतला.

दुसऱ्या दिवशी तेरावा होता. दानाच्या सामानाची यादी भटजींनी लिहून दिली होती. छत्री, काठी, घोंगडी, तांब्या, कंदील, जोडा. माणूस गेला की त्याला वर्षभर चालायचं असतं, वाटेत ऊन असतं, काटे असतात, तापलेली वाळू असते. इथं ब्राह्मणाच्या हाती जे द्यावं ते तिथं त्याच्या उपयोगी पडतं, अशी आमच्याकडे समजूत. माझा त्यावर विश्वास होता असं नाही. नव्हता असंही त्या दिवसांत म्हणवत नव्हतं. यादीत जे आहे ते चांगलं आणायचं, एवढं मी ठरवलं होतं. घोंगडी मी चार दुकानं हिंडून घेतली. जोड्याच्या दुकानात मालकानं नंबर विचारला तेव्हा मी माझाच सांगितला. त्यानं तपकिरी रंगाचा, नव्या कातड्याचा वास येणारा जोडा पुढं ठेवला. मी दोन्ही पाय उलटेसुलटे करून पाहिले, शिवण पाहिली, आणि कागदात बांधून केडगावला घरी आणला.

माझ्या वडिलांचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला होता. त्या पायाचा तळवा जमिनीला कधी लागला नाही. बाहेरच्या कडेवर तोल सांभाळून ते चालत. बाजारातला जोडा त्यांनी आयुष्यात घातला नाही, कारण तो त्यांच्या पायात शिरलाच नसता. हे मला माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू? चोवीस वर्षं तो पाय मी रोज पाहिला होता. पण त्या दुकानात मला तो आठवला नाही. तेराव्याला पंगतीला बसलेल्या एकाही माणसाला आठवला नाही. भटजींनी मंत्र म्हटले, मी हातावरून पाणी सोडलं, आणि तो सरळ पायांचा सुंदर जोडा भटजींच्या पिशवीत गेला. वडिलांचा खरा जोडा ते गेले त्याच दिवशी त्यांच्या कपड्यांबरोबर स्मशानाकडे गेला होता.

वडील लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. तालुक्यातली पाच-सहा गावं फिरून शेवटी केडगावच्या शाळेत आले आणि तिथंच राहिले. मी नगरच्या एका शाळेत लागलो होतो आणि रोज पुणे रस्त्यानं चालत जात-येत असे. लढाईची वर्षं होती. रस्त्यावर लष्करी लॉऱ्यांची धूळ सारखी असे. घरात आम्ही तिघं होतो, ते दोघं उरलो.

 आईला झोप लागत नसे हे मला कळत होतं. जेवायला बसली की दोन घासांनंतर हात थांबे. दिवे लागायच्या वेळी ती दाराशी जाऊन उभी राही आणि रस्त्याकडे न बघता खाली, उंबऱ्याकडे बघत राही. वडील शाळेतून येत ती हीच वेळ. मी विचारलं नाही. आमच्या घरात कोणी कोणाला फारसं काही विचारत नसे.

तिसऱ्या महिन्याचं श्राद्ध झालं त्या दुपारी तिनं मला विचारलं.

"तू जोडा कुठून आणला होतास?"

"बाजारातून."

"मिस्त्रीकडून नव्हता आणलास?"

मिस्त्री म्हणजे वडिलांचे जोडे करणारा. तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं ते. हातातलं पुस्तक मी मिटलं. 

"मी माजघरात होते," आई म्हणाली. "मी पाहिलाच नाही. आता भटजींच्या मुलाच्या पायात पाहिला. ऐटीत चालला होता." मग, "तीन महिने झाले. आता कुठपर्यंत गेले असतील हे? अनवाणी?"

मी म्हणालो, "आई, हे सगळं पोथीतलं आहे."

"असेल. मग तू घोंगडी का चार दुकानं हिंडून घेतलीस?"

मी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं.

मग तिनं पिठाची गोष्ट काढली. माणूस जिथं गेला तिथं आमच्याकडे पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात आणि सकाळी पाहतात की पिठावर काय उमटलं आहे. त्यावरून गेलेल्या जिवाची वाट ओळखायची. वडिलांच्या वेळी टोपली उचलली तेव्हा पिठावर एक वाकडी, बारीक रेघ होती. आत्यानं हात जोडले आणि नाग उमटला म्हणून सगळ्यांना सांगितलं. मला ती मुंग्यांची वाट वाटली होती.

"ती नागाची नव्हती," आई म्हणाली. "न्हाणीतून ओल्या पायानं बाहेर आले की फरशीवर ह्यांची जी कड उमटायची, तीच ती होती. सव्वीस वर्षं पुसली मी ती. मला ओळखू येणार नाही?"

त्या दिवसापासून ती रोज मनाशी हिशेब करी. आज इतके दिवस झाले. म्हणजे उन्हाचा भाग लागला असेल. म्हणजे नदी जवळ आली असेल. एकदा स्वयंपाक करता करता ती थांबली आणि म्हणाली, "आज बसले आहेत कुठंतरी." इतकं साधं म्हणाली, की मीही क्षणभर दाराकडे पाहिलं. वर्ष पुरं व्हायच्या आत नीट जोडा द्यायचा, नाहीतर त्या पायाला वाट पुरी होणार नाही, हे तिनं मनाशी धरलं होतं. तिचं अंग वाळत चाललं होतं. माझा पोथीवर विश्वास असो नसो, तिचं अंग मला दिसत होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी मिस्त्रीकडे गेलो.

नगरात देवळामागच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या देवळामागच्या गल्लीत त्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत तो काम करी, मागच्या खोलीत राही. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली तो हे काम शिकला होता. सरळ पायाचा जोडा तो करतच नसे. कोणी मागितला तर म्हणे, "तुमाला बाजार हाय की. इकडं कशाला आलात?" त्याच्याकडे जन्मतः वाकडे पाय येत, एक आखूड एक लांब असे पाय येत, बोटं झडलेले महारोग्यांचे पाय येत. तो आधी पाटावर चुलीची चाळलेली राख पसरी आणि माणसाला तीवरून चालायला लावी. बसलेल्या माणसाचं माप तो घेत नसे. मी दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा त्यानं वडिलांना म्हटलेलं आठवतं, "गुरुजी, बसल्यावर पाय खोटं बोलतो. वजन घेतल्यावर खरं बोलतो." मग त्या ठशावरून तो बाभळीच्या लाकडाचा फर्मा घडवी, म्हणजे पायाची हुबेहूब लाकडी प्रतिमा, आणि त्या फर्म्यावर जोडा चढवी. आत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा आणि मऊ कातड्याचा सुकतळा बसवी. तो असा तासलेला असे की जिथं पाय जमिनीला पोचत नाही तिथं जमीनच पायापर्यंत येई.

मला पाहून तो उठला. केस पार पांढरे झाले होते.

"या, धाकले गुरुजी. कळलं मला. लई वाईट झालं."

मी कशासाठी आलो ते सांगायला मला फार वेळ लागला. गेलेल्या माणसासाठी जोडा हवा आहे हे वाक्य मी वाटेत तीनदा मनात जुळवलं होतं, आणि तरी ते नीट बाहेर पडेना. त्यानं हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवली आणि ऐकून घेतलं.

"आमच्यात तसं न्हाई," तो म्हणाला. "आमच्यात मानूस गेला की त्याला तिकडं नीट पाय मिळत्यात म्हनं. म्हंजी माजा धंदा तिकडं बंदच." तो जरासा हसला. "पर बाजारातला जोडा दिलात? गुरुजींना?"

"हो."

"आसं कसं केलंत तुमी?"

तेवढंच म्हणाला. त्यात राग नव्हता. पण आजवर मला कोणी तसं विचारलं नव्हतं.

"फर्मा असेल ना?" मी म्हणालो.

त्यानं नकारार्थी मान हलवली. मागच्या भिंतीवर फळ्या होत्या आणि फळ्यांवर फर्मे मांडलेले होते, वीस-पंचवीस जोड तरी, सगळे निरनिराळ्या दिशांना वळलेले. एखाद्या खोलीत बरेच लोक उभे आहेत आणि फक्त त्यांचे पाय दिसत आहेत, असं वाटे.

"मानूस गेल्याचं कळलं की मी फर्मा तासतो. मोठा फर्मा तासला की ल्हान पाय निघतो त्यातनं. चांगलं लाकूड मिळतंय कुठं आता? गुरुजींचा डावा फर्मा मी श्रीगोंद्याच्या एका पोरीसाठी तासला. चालती आता ती त्याच्यावर."

मी फळीकडे पाहिलं. त्यानं तो छोटा फर्मा उचलून माझ्या हातात दिला. मुलीचा पाय होता, सातआठ वर्षांच्या. या लाकडावर आधी वडिलांचा पाय होता आणि तो वरून खरवडून काढला होता. मी तो पटकन परत दिला.

"माप कुनाकडं तरी पायजे," मिस्त्री म्हणाला. "मी तो पाय शेवटचा बगितला त्याला चार वर्सं झाली. त्यानंतर कोनी हात लावला हुता का त्याला?"

"आई रोज तेल लावायची."

"मंग त्यांना आना."

मी म्हटलं ते जमायचं नाही. वर्ष होईपर्यंत आई घराबाहेर पडणार नव्हती. आणि मिस्त्रीकडे येणं तर दूरच. मिस्त्री ख्रिस्ती, त्याआधी त्याचे आजोबा कोण होते हे केडगावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आमच्या घरात सोवळं कडक होतं.  मिस्त्री रापी उचलून पुन्हा कामाला लागला.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती पुरे चार महिने त्यावर काही बोलली नाही. होळी झाल्यावर एक दिवस सकाळी ती लुगडं बदलून, पदर डोक्यावरून घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टांगा बघ."

मिस्त्रीनं कुंभाराकडची मळलेली माती ओल्या फडक्याखाली ठेवली होती. पाटावर त्यानं आधीच एक पाय ढोबळ उभा केला होता, डावा, आत वळलेला. आई दारात थांबली. मग आत आली आणि त्यानं पुसून ठेवलेल्या पाटावर बसली.

"बाई, हे माज्या ध्यानातलं," तो म्हणाला. "आता तुमी सांगा. न्हाईतर हातानंच करा. मी बोलनार न्हाई."

आई मातीकडे बघत राहिली. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"तेल आहे का?" तिनं विचारलं.

मिस्त्री आत गेला आणि त्याच्या बायकोकडून वाटीत गोडं तेल घेऊन आला. त्या घरातल्या वाटीत आईनं बोटं बुडवली. तळहातावर तेल चोळलं, डोळे मिटले, आणि दोन्ही हात त्या मातीवर ठेवले.

मी आजवर कितीतरी माणसं विचारात बुडालेली पाहिली आहेत, पुस्तकात आणि बाहेर. तसं ते नव्हतं. तिचे हात रोजच्या कामाला लागल्यासारखे चालत होते. घोट्यापासून खाली, टाचेला वळसा, तळव्याच्या खोलगट भागात अंगठा, मग कडेनं बोटांपर्यंत. जिथं माती जास्त होती तिथं ती बाजूला सरके, जिथं कमी होती तिथं हात थांबे. ओठ हलत होते. बोटं मोजत असावी, किंवा तेल लावताना मनात म्हणायचं स्तोत्र म्हणत असावी.

मिस्त्रीला गप्प राहवलं नाही.

"टाच येवढी बारीक न्हवती, बाई."

"होती."

"मी सा जोडं केलं गुरुजींचं."

"मी सव्वीस वर्षं तेल लावलं."

"हारलो," मिस्त्री म्हणाला.

"सहा जोडे केलेत, पण टाच नेहमी मोठीच करत होतात तुम्ही. ते चिंध्या घालायचे मागं."

"आन मला कधी बोलले न्हाईत!"

"ते कोणाला काय बोलायचे?"

मिस्त्रीची बायको आतल्या दारातून हसली. आईही हसली. वडील गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मिस्त्रीनं तेवढ्यात विचारून घेतलं, "बाई, राग मानू नका. तिकडं जर त्यांना सरळ पाय मिळाला आसंल, तर हा जोडा चावंल की वो."

"ह्यांचा पाय ह्यांचाच राहणार," आई म्हणाली. "सरळ पायाचे हे मला ओळखू कसे येणार?"

मग तिनं करंगळीच्या खालच्या कडेवर मातीचा एक गोळा जास्तीचा लावला, दाबून टणक केला, आणि त्याच्या शेजारी अंगठ्यानं एक खड्डा पाडला.

"ह्ये काय?" मिस्त्रीनं विचारलं.

"घट्टा वाढला होता. आणि ही जखम. शेवटची तीन वर्षं भरलीच नाही ती. पावसाळ्यात तर जोड्यातून रक्त यायचं."

मिस्त्री खाली वाकला. त्या खड्ड्यात त्यानं बोटाचं टोक ठेवून पाहिलं.

"म्हंजी पाय सरकला हुता. जोडा तोच ऱ्हायला आन पाय आनखी वळला. आसं व्हतं वयानं. पंधरा दिसांचं काम हुतं. आले का न्हाईत माज्याकडं?"

"तुमच्याकडे कातडं नव्हतं ना," आई म्हणाली. "लढाईमुळं. सगळं लष्करानं उचललं म्हणाले."

"कोन म्हनालं?"

"हेच."

मिस्त्री उठला, कोपऱ्यातली पेटी उघडली आणि गुंडाळलेलं कातडं बाहेर काढलं. मऊ, मधासारख्या रंगाचं.

"हे गुरुजींसाठी ठिवलं हुतं. त्यांनाबी दाखवलं हुतं. लष्कर काय माज्या पेटीत आलं न्हाई, बाई."

आईनं त्या कातड्याकडे पाहिलं. मग तेलकट, मातकट हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी भिंतीवरच्या फर्म्यांकडे बघत होतो. मला तेव्हा कारण कळलं होतं. मातीतला तो खड्डा पाहताच कळलं होतं. पण मी बोललो नाही.

टांग्यातून परत येताना ती एकदाच बोलली. "ते खोटं बोलत नसत," एवढंच.

घरी पोचल्यावर मी बंब पेटवायला घेतला. तिच्या आंघोळीसाठी पाणी लागणार हे मी धरून चाललो होतो. तिनं मनगटापर्यंत हात धुतले आणि ती सरळ चुलीशी जाऊन बसली. "आंघोळ?" मी विचारलं. "नको," ती म्हणाली. असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी जोडा आला. मिस्त्रीनं तो स्वतः केडगावला आणून दिला आणि अंगणातच उभा राहिला. त्या कातड्याचाच केला होता. उजवा सरळ, डावा आत वळलेला, बाहेरच्या कडेला जाड तळ, आत सुकतळा. जखमेच्या जागी त्यानं सुकतळ्यात बोटभर पोकळी ठेवली होती आणि तीवर हरणाच्या कातड्याचा तुकडा ताणला होता. टाच बारीक होती.

"या वख्ताला चिंध्या लागायच्या न्हाईत," तो म्हणाला.

श्राद्धाच्या दिवशी भटजी दानाला बसले आणि त्यांनी जोडा हातात घेतला.

"हे काय आहे?"

मी सांगितलं.

"अरे, पण मागच्या वर्षी चांगला जोडा दिला होतास तू. हा मी घालू कसा? घेणाऱ्यानं वापरलं नाही तर ते दान पोचत नाही."

आई भटजींशी समोरासमोर कधी बोलत नसे. ती माजघराच्या दाराआडून म्हणाली, "देवानं तुम्हाला दोन सरळ पाय दिलेत. चार पावलं वाकडी पडली तर काय बिघडणार आहे?"

भटजी म्हातारे होते, तिरसट होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चार नाही, सात चालतो. घाल बाबा पायात."

मी त्यांच्यासमोर बसून जोडा चढवला. उजवा गेला. डावा जाईना. त्यांचा पाय मला आत वळवावा लागला, घोट्याशी धरून, आणि ते "आई गं, अरे हळू, मी अजून जिवंत आहे" असं ओरडत होते. शेवटी पाय बसला. मी त्यांना आधार देऊन उठवलं. एक हात माझ्या खांद्यावर ठेवून ते अंगणात उतरले.

तो जोडा सरळ पायानं चालूच देत नव्हता. त्यानं भटजींचा गुडघा आत ओढला, कंबर एका बाजूला झुकवली, आणि पाऊल कडेवर पडलं. एक टणक ठोका, मग कातडं घासल्याचा आवाज, मग जरासं थांबणं. पुन्हा ठोका. त्या आवाजानं माझं लहानपण गेलं होतं. अभ्यासाला बसल्यावर तो आवाज आला की मी पाठ ताठ करत असे. माझ्या खांद्यावरचा हात भटजींचा होता, त्यांच्या तोंडाला सुपारीचा वास येत होता, दुपारचं लख्ख ऊन होतं. आणि तरी मी खाली मान घालून चाललो. वर पाहायचा मला धीर झाला नाही.

भटजी मोठ्यानं पावलं मोजत होते. पाचव्या पावलाला त्यांनी मोजणं सोडलं. त्यांनाही काही जाणवलं असावं. सातवं पाऊल संपलं तेव्हा ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "काढ. काढ लवकर."

मी मागं पाहिलं. आई दाराबाहेर, उघड्यावर आली होती. ती उंबऱ्याकडे बघत नव्हती. अंगणाच्या पलीकडे, रस्ता जिथं वळतो तिकडे बघत होती, कोणाला पोचवायला आल्यासारखी.

भटजी गेल्यावर मी पत्रावळी उचलल्या. आई शेण फिरवत होती. दिवस अजून बराच वर होता. हात न थांबवता तिनं विचारलं, "तुला माहीत आहे का, ते का गेले नाहीत मिस्त्रीकडे?"

मी पत्रावळी खाली ठेवल्या.

चार वर्षांपूर्वी, मी शाळेत नवा लागलो होतो तेव्हा, दोघा मास्तरांबरोबर मी त्या गल्लीवरून चाललो होतो. मिस्त्रीच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. वडील त्यावर बसले होते, दोन्ही बाजूंना दोन महारोगी, हातापायांना चिंध्या बांधलेले. वडील त्यांतल्या एकाशी काही बोलत होते. त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला. मी थांबलो नाही. बरोबरच्या मास्तरांना मी सांगितलंही नाही की ते कोण आहेत. घरी आल्यावर मी वडिलांना म्हणालो, "अण्णा, त्या बाकावर बसत जाऊ नका. माझ्या शाळेतले लोक त्या रस्त्यानं जातात." ते वाचत होते. पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "बरं." आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. मी समजलो विषय संपला. नंतर ते तिकडे गेले की नाही याची मी चौकशी केली नाही. घरात ते लंगडत, पण लंगडत तर ते नेहमीच होते.

हे सगळं मी आईला सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. ती शेण फिरवत राहिली. जमीन पुरी झाल्यावर तिनं बादलीत हात बुडवले.

"कातडं नाही म्हणाले ते मला," ती म्हणाली. "तुझं नाव घेतलं नाही."

"नाही."

"मला वाटत होतं माझ्यामुळं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"तिथून आले की मी त्यांना घरात घेत नसे. दारात पाणी ठेवायची. थंडीतसुद्धा बाहेरच आंघोळ करायला लावायची, त्या पायावर उभं राहून. शेवटच्या वेळी ते न्हाणीच्या दगडावरून घसरले होते. तू नव्हतास घरी. मला म्हणाले, तुला सांगू नको म्हणून. त्यानंतर ते गेलेच नाहीत. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, एक कटकट गेली." तिनं बादलीतून हात बाहेर काढले. "मी खरंच तसं म्हटलं होतं."

घसरले कधी, असं मी विचारलं. तिनं महिना सांगितला. मी त्यांना बाकाबद्दल बोललो होतो तोच महिना. आधी कोणतं, मागून कोणतं, ते आम्हा दोघांनाही आठवेना. आम्ही बराच वेळ आठवून पाहिलं. त्या आठवड्यात पाऊस होता का, शाळेला सुट्टी होती का, मी कोणते कपडे घातले होते. काही जुळेना.

"ह्यांनाच माहीत," आई शेवटी म्हणाली, आणि उठून पानं घ्यायला गेली.

त्या दिवशी ती जेवली. पुढं झोपूही लागली, अंगानं भरली. त्यांचं चालणं नीट सुरू झालं आणि ते वेळेत पोचले, याबद्दल तिला शंका उरली नाही. दारात ती पुन्हा उभी राहिली नाही. मी मात्र अजून पुणे रस्त्यानं जाताना मागून कोणाचं पाऊल ऐकू आलं की बाजूला होऊन थांबतो. बहुतेक वेळा कोणी शेतकरी असतो, किंवा शाळेतलं पोर. ते पुढं गेले की मी चालू लागतो. एखाद्या वेळी कोणीच पुढं जात नाही. तेव्हा मी पुष्कळ वेळ तिथंच उभा असतो, आणि काय बोलायचं होतं ते मला दर वेळी नीट आठवतं.